जस्तावरचा जीवराम

दरवर्षी सतरा फेब्रुवारीला इंदिराबाई सोनगीरहून पहिल्या एसटीने धुळ्याला यायच्या आणि 'दैनिक पांझरातीर'च्या पायरीवर बसून राहायच्या. कचेरी उघडायला अजून तास असायचा. त्या कुणाला हाक मारायच्या नाहीत. जब्बार फोरमन सायकल भिंतीला लावून कुलूप काढायचा, त्या दिवसाच्या अंकाचे दहा पेपर आतून आणून त्यांच्या मांडीवर ठेवायचा आणि तिसरं पान उघडून द्यायचा.

"वाची दाखाड ना भाऊ," त्या म्हणायच्या.

इंदिराबाईंना वाचता येत नव्हतं. जब्बार वाचायचा. चौकटीत काय आहे ते दोघांनाही पाठ होतं. चि. जीवराम यास पुण्यस्मरणानिमित्त आदरांजली. तुझी आठवण रोज येते. शोकाकुल आई, बहिणी व समस्त परिवार, मु. पो. सोनगीर. दरवर्षी एकच शब्द बदलायचा. प्रथम, द्वितीय, तृतीय. बाकीचा मजकूर जब्बारने शिशाच्या अक्षरांत जुळवून, सुतळीने बांधून गॅलीच्या तबकात तसाच ठेवलेला असायचा. तो मोडायचा नाही, हे प्रेसमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

वाचून झालं की इंदिराबाई चौकटीतल्या फोटोकडे बघत बसायच्या. एकोणीस वर्षांचा मुलगा, डावीकडे भांग, उजव्या गालावर मुगाच्या डाळीएवढा तीळ, शर्टाची वरची गुंडी लावलेली. वरणगावच्या फॅक्टरीत अर्ज करायचा म्हणून त्याने तो फोटो काढला होता. स्टुडिओवाल्याने तीन प्रती दिल्या. एक अर्जाला चिकटवली, एक रोजगार कार्यालयात दिली, तिसरी घरी राहिली. अर्जाचं उत्तर यायच्या आधी त्याला कावीळ झाली आणि पाचव्या दिवशी तो गेला. त्याचा दुसरा फोटो कुठेच नव्हता. पोरगा लहान असताना फोटो काढण्याइतकी ऐपत नव्हती आणि मोठा झाल्यावर तशी वेळ आली नाही.

"दरसाल कशाला येता अक्का? पोस्टाने पाठवत जाईन," जब्बार एकदा म्हणाला होता.

त्यावर त्यांनी सांगितलं होतं, "पेपरमातला पोऱ्या वरीसभरच टिकस, भाऊ. दिवाळीलगून पिवया पडी जास. नाकवरनी घडी तुटी जास. मंग नवा लागस."

कागद वर्षभरच टिकतो. चेहरा पिवळा पडतो, घडी नेमकी नाकावर तुटते, म्हणून नवा लागतो. एवढा सरळ हिशेब होता. पेपर हा एका दिवसाचा माल, असं पेपरचे मालक नेहमी म्हणत. इंदिराबाईंनी तो वर्षभर पुरवला होता.

---

खरा फोटो जब्बारकडे होता, असं इंदिराबाई समजत होत्या. तो नव्हता, हे जब्बारशिवाय त्याच्या बायकोला, नूरबीलाच माहीत होतं.

पहिल्या पुण्यस्मरणाच्या वेळी, एक्याऐंशी साली, फोटो नाशिकला पाठवून जस्ताचा ब्लॉक करून आणला होता. लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकलेला जस्ताचा पत्रा, त्यावर बारीक टिंबांनी कोरलेला चेहरा. ब्लॉकबरोबर पाकिटातून फोटोही परत आला. हरवू नये म्हणून जब्बारने तो जाहिरातीच्या कागदाला टाचणीने टोचला. मग उभ्या उभ्या मजकूर जुळवला. आणि जुळवून झालेला कागद जसा रोज उचलायचा तसाच उचलून त्याने भिंतीवरच्या तारेत खुपसला.

प्रेसमध्ये जुळवून झालेल्या मजकुराची तीच जागा. दिवसभर तीस-चाळीस कागद त्या तारेवर चढायचे. हाताला विचारावं लागत नसे.

दुसऱ्या दिवशी इंदिराबाई पेपर घ्यायला आल्या. जब्बारने विचारलं, "फोटो देऊ का परत?" त्या म्हणाल्या, "तुनाजोडेच ऱ्हाऊ दे, भाऊ. घरमा पोरीसोरी हात लावतीन, फाटी जाई. पुढला वरीस लागीच ना."

"ठेवतो. नीट ठेवतो," जब्बार म्हणाला. तेव्हा फोटो तारेवरच होता, आतल्या खोलीत, त्याच्या पाठीमागे पंधरा पावलांवर.

महिनाअखेरीला तार रिकामी झाली आणि कागद रद्दीत गेले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने टेबलाचा खण उघडला आणि फोटो त्या कागदांबरोबरच गेला हे त्याच्या लक्षात आलं. रद्दीवाल्याच्या गोदामात तो अख्खा दिवस पोती उपसत बसला. स्टुडिओत गेला, तर स्टुडिओवाल्याने वर्षापलीकडच्या निगेटिव्ह काढून टाकलेल्या. रोजगार कार्यालयातल्या बाबूने त्याला विचारलं की तू मयताचा कोण लागतोस. जब्बार तसाच परत फिरला.

पुढच्या वर्षी सांगू, असं त्याने ठरवलं. पुढच्या वर्षी आल्या आल्या इंदिराबाईंनी विचारलंच नाही. ब्लॉक होता, चेहरा छापून आला, त्या खूश झाल्या. जाताना मात्र म्हणाल्या, "फोटू शे ना सांभाळेल?" आणि जब्बारच्या तोंडून निघून गेलं, "आहे अक्का. कुठं जातो?"

ते एकदा बोलल्यावर मग दरवर्षी बोलावंच लागलं.

---

चेहरा धातूत होता म्हणून खोटं दहा वर्षं टिकलं. दर फेब्रुवारीत जब्बार ब्लॉकांच्या कपाटातून तो ठोकळा काढायचा, रॉकेलच्या बोळ्याने पुसायचा आणि उजेडाकडे तिरपा धरून बघायचा. प्रेसमधले सगळे ब्लॉक त्याला सारखे होते. आमदार, व्यापारी, सत्यनारायणाचा कलश, पेढीची जाहिरात. हा मात्र तो दोनदा पुसायचा.

जब्बारने चौदाव्या वर्षी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला सुरुवात केली होती. खिळा उलटा असतो, जुळवलेली ओळ उलटी असते, पान उलटं असतं. तीस-पस्तीस वर्षं तो उलटंच वाचत आला होता आणि छापलेल्या अंकापेक्षा शिशातलं पान त्याला जास्त भरभर वाचता यायचं. छापून आलेला पेपर तो बघायचाच नाही. "काल जे वाचलं तेच आज काय वाचायचं," असं म्हणायचा. पायरीवर बसून इंदिराबाईंना वाचून दाखवायचा तेव्हाही त्याची नजर मजकुरावर असे. फोटोकडे त्या बघत. जब्बारचा जीवराम जस्तावर होता.

नव्वद साली, दहाव्या पुण्यस्मरणाला, इंदिराबाई पेपर डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या होत्या, "पोऱ्या बारीक व्हई राहिना, भाऊ. कान दिसस नही."

ब्लॉक झिजला होता. कानाची कड आणि हनुवटी पुसट झाली होती.

"फोटू शे ना तुनाजोडे? त्यावरथीन नवा बनाडी ले," त्या म्हणाल्या.

"बघतो," जब्बार म्हणाला. त्या रात्री तो जेवला नाही. नूरबीने ताट उचलताना एवढंच विचारलं, की आपला पोरगा असता आणि कुणी असं केलं असतं तर? त्यांना मूल नव्हतं.

---

एक्याण्णवच्या जानेवारीत मालकांनी, बन्सीलालशेठनी, सगळ्यांना मशीनच्या खोलीत बोलावलं. उभ्यानेच बोलले. आता धुळ्यात पेपर छापायचा नाही. जळगावला ऑफसेट मशीन बसलंय, मजकूर कॉम्प्युटरवर जुळणार, पानं तिकडेच लागणार. पहाटे जीपने अंक धुळ्याला येईल. धुळ्याला फक्त जाहिराती आणि बातम्या घ्यायला एक टेबल राहील.

"आणि आम्ही?" एकाने विचारलं.

"तुमचं नियमाप्रमाणे सगळं देऊ. जब्बार जळगावला येईल. जाहिरातीचं पान त्याच्याइतकं कुणाला कळत नाही."

"शेठ, मला कॉम्प्युटर येत नाही," जब्बार म्हणाला.

"तुला हात लावायचा नाही. तू फक्त बघायचं. चूक असेल ती सांगायची."

एका आठवड्यात शिसं गेलं. पस्तीस वर्षांचे खिळे लाकडी खणांमधून पोत्यात ओतले, तेव्हा पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज झाला आणि मग खोलीत काहीच वाजलं नाही. ब्लॉकांचं कपाटही भंगारात निघालं. भंगारवाला लाकूड वेगळं आणि जस्त वेगळं करण्यासाठी तिथेच उकिडवा बसून पटाशीने पत्रे उचकटत होता. जब्बारने जीवरामचा ठोकळा आदल्या दिवशीच डब्याच्या पिशवीत घालून घरी नेला होता. चोरीच म्हणायची झाली तर त्याने आयुष्यात केलेली तेवढी एकच.

जळगावहून पत्रक आलं. यापुढे ब्लॉक चालणार नाहीत. प्रत्येक जाहिरातीसोबत मूळ फोटो जोडावा.

जब्बारने ते दोनदा वाचलं. सरळ छापलेलं होतं, तरी दोनदा.

इंदिराबाईंना हे सांगायची सोय नव्हती. फोटो लागणार म्हटलं की त्या म्हणणार, तुझ्याकडेच आहे की. जब्बारने मग दुसरी वाट काढली. धुळ्यातल्याच मोगलाईत त्याच्या ओळखीचा एक लग्नपत्रिका छापणारा होता. त्याच्या पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर जब्बारने ब्लॉक चढवला, काळी शाई बेताने लावली आणि गुळगुळीत आर्ट पेपरवर एक एक करून बारा छाप काढले. त्यातला सगळ्यात चांगला निवडला. कानाची कड त्याने स्वतः बारीक ब्रशने ओढली, तेव्हा त्याची नजर तेवढ्या कडेवरच होती. छाप मूळ फोटोइतका नव्हता, पण कॅमेऱ्यासमोर धरण्याजोगा होता. पाकिटात घालून त्याने तो बरोबर घेतला आणि सोमवारी जळगावच्या एसटीत बसला.

पारोळा गेलं, एरंडोल गेलं. पाकीट त्याने मांडीवरून खाली ठेवलं नाही.

---

जळगावच्या नव्या इमारतीत सगळीकडे थंड हवा होती. चपला बाहेर काढाव्या लागत. कॉम्प्युटरवर बसणारी चार मुलं-मुली कानात बोळे घातल्यासारखी गप्प काम करत. बोलणारा माणूस एकच होता, निंबा, कॅमेरेवाला. चाळिशीचा, पान खाणारा. फोटोंच्या फिल्म करायचं काम त्याचं.

"या जब्बारभाई. तुम्हाला म्हणे उलटं वाचता येतं."

"येतं."

"इथं काही उपयोग नाही त्याचा. इथं सगळं सरळच असतं." तो हसला. "आणि पुढं तर म्हणतात कागदही लागायचा नाही. माणूस घरी बसून पडद्यावर पेपर वाचेल."

"मग भजी कशात बांधशील?" जब्बारने विचारलं.

निंबाला हे फार आवडलं. तो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत राहिला. दोघांचं जमलं.

पंधरा-वीस दिवसांत जब्बार रुळला. काचेच्या टेबलाखाली दिवे लागलेले असत, त्यावर पानाची फिल्म पसरायची. मजकूर पारदर्शक फिल्मवर काळा दिसे आणि फोटोच्या जागी फोटोची वेगळी फिल्म कापून चिकटवायची. पान असं बघायला त्याला अवघड गेलं नाही. खरं तर त्याला ते आपल्या जुन्या पानापेक्षा हलकं वाटे. पस्तीस किलोचं पान आता एका बोटाने उचलता येत होतं.

सोळा फेब्रुवारीला, शनिवारी, दुपारी चारच्या सुमाराला जाहिरातीचं पान टेबलावर आलं. जब्बारने एकेक चौकट तपासली. ट्रॅक्टर, सोन्याची पेढी, केळीच्या रोपांची जाहिरात, दोन श्रद्धांजल्या. मग जीवराम. 'अकरावे' हा शब्द बघितला. 'सोनगीर' बघितलं. काना-मात्रा सगळं ठीक होतं. फोटोची खिडकी अजून रिकामी होती.

निंबा फिल्मचा तुकडा चिमट्यात धरून आला. "हा तुमचा पोरगा. छापावरनं काढलाय म्हणून जरा ब्रश मारला. बरा आलाय."

त्याने तुकडा काचेवर ठेवला. दोन्ही बाजूंनी सारखीच दिसणारी फिल्म. नाव नाही, अक्षर नाही.

"बाजू बरोबर आहे ना?" निंबाने विचारलं. "याच्यावर काही लिहिलेलं नाही, मला कळत नाही. तुम्ही ओळखता."

जब्बार वाकला. दिव्याच्या उजेडात जीवराम स्वच्छ दिसत होता. दहा वर्षांत इतका स्वच्छ तो कधी दिसला नव्हता. कान दिसत होता, गुंडी दिसत होती, तीळ दिसत होता. उजवीकडे भांग, डाव्या गालावर तीळ. दर फेब्रुवारीत रॉकेलने पुसून तिरपा धरून बघितलेला तोच चेहरा.

"हाच," तो म्हणाला.

"तुमचा छाप आणू का? ताडून बघा. माझ्या खणात आहे."

"कशाला? दहा वर्षं हातात आहे माझ्या."

निंबाने चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली. पान छपाईच्या प्लेटला गेलं.

जब्बारने शेठकडे जीपमध्ये जागा मागितली. अकरावं पुण्यस्मरण होतं, दहा पेपर त्याला स्वतःच्या हाताने द्यायचे होते. चेहरा या वर्षी स्वच्छ आला होता. इंदिराबाई समाधानाने जातील, आणखी एक वर्ष निघेल. एवढाच त्याचा विचार होता.

---

कचेरीला आता नवीन कुलूप होतं. मशीनची खोली बंद होती, पुढच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि फोन. इंदिराबाई पायरीवरच बसल्या होत्या.

"बठ्ठं जळगावले गयं म्हणे," त्या म्हणाल्या.

"गेलं अक्का. पण तुमचं काम थांबलं नाही. बघा, नव्या मशीनवर कसा आलाय."

त्याने तिसरं पान उघडून दिलं आणि वाचायला सुरुवात केली. 'तुझी आठवण रोज येते' पर्यंत आला तेव्हा त्याला जाणवलं की त्या ऐकत नाहीत. त्यांनी पेपर लांब धरला, मग जवळ धरला.

"हाऊ कोन शे?"

"कोण म्हणजे? जीवराम."

"हाऊ मना पोऱ्या नही शे."

"अक्का, ऊन डोळ्यावर येतंय. आत या."

त्या आत आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. पेपर टेबलावर पसरून त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं. आवाज चढला नव्हता. बाजारात दुसऱ्याची पिशवी हातात आली की माणूस सांगतो तसं त्या सांगत होत्या.

"मना जीवरामले तीळ उजवा गालवर व्हता. धाकला व्हता तवय तीट मी डावा गालले लावू. उजवाले देवनीच लाई देल व्हती."

जब्बारने चौकटीकडे बघितलं. पहिल्यांदाच, पेपरात छापलेल्या फोटोकडे.

त्याने खण उघडला. मागच्या वर्षीचा अंक अजून तिथे पडून होता. दोन्ही शेजारी ठेवले. मागच्या वर्षीचा पुसट, पिवळा, कान नसलेला जीवराम एकीकडे बघत होता आणि आजचा स्वच्छ जीवराम दुसरीकडे. निंबाचा प्रश्न त्याला आता ऐकू आला. बाजू बरोबर आहे ना?

"तोच आहे अक्का," तो म्हणाला. "उलटा लागला. फिल्म उलटी लागली. माझी चूक आहे, मी बघितलं होतं. उद्या सरळ करून परत छापतो."

"तुले समजनं नही?" इंदिराबाईंनी विचारलं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "दहा वरीस तू छापस त्याले."

जब्बारने दोन्ही पेपर आणखी जवळ सरकवले.

"ऱ्हाऊ दे. उद्या नको छापू," त्या म्हणाल्या. "फोटू दे माले. मी घर लई जास. आते तुना शिसा नही, काही नही. फोटू तठे जळगावले हरपी जाई."

जब्बारने टेबलाची कड धरली. जळगावला आहे म्हणता आलं असतं. पुढच्या आठवड्यात आणतो म्हणता आलं असतं. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं, दहा वर्षं वापरलेलं होतं. पण समोर दोन जीवराम पडले होते आणि त्यातला कुठला खरा हे ओळखायला त्याला तिसऱ्याची गरज होती. तो तिसरा त्याने तारेत खुपसला होता.

"फोटो नाही, अक्का."

"जळगावले शे?"

"नाही. कुठंच नाही. पहिल्याच वर्षी गेला. माझ्या हातून रद्दीत गेला."

बाहेर एक रिक्षा थांबली, कुणी उतरलं, रिक्षा गेली. इंदिराबाईंनी दोन्ही पेपरांवरचे हात काढून घेतले.

"अन् दरसाल सांगस, सांभाळी ठेयेल शे."

"हो."

"मी इचारू अन् तू सांगस."

"हो, अक्का."

जब्बारने पिशवीतून ठोकळा काढला. त्या दिवशी तो का बरोबर आणला होता, हे त्याला सांगता आलं नसतं. त्याने तो दोन्ही हातांनी पुढे केला. "हा आहे. एवढाच आहे. हा तुम्ही न्या. याच्यावरून छापला की सरळ येतो."

इंदिराबाईंनी ठोकळा घेतला. हलवून बघितला, लाकडाकडून बघितला. मग जस्ताचं तोंड दाराकडे करून, जब्बार धरायचा तसाच, तिरपा धरला. त्यांना तिथे चेहरा दिसायला वेळ लागला. दिसला तेव्हा त्यांनी अंगठ्याने गालावरून पुसलं.

"यामा बी उलटाच शे," त्या म्हणाल्या.

"हो. यात उलटाच असतो."

"तू याले देखत व्हता. दरसाल."

"हो."

मग ठोकळा त्यांनी टेबलावर, त्याच्या बाजूला, ठेवला. आपटला नाही. लेकराला खाली ठेवतात तसा दोन्ही हातांनी ठेवला.

"हाऊ तुना शे," त्या म्हणाल्या. "ठेव तुनाजोडे. मना गया."

दहा पेपर टेबलावरच राहिले. पायरी उतरताना त्यांनी कठडा धरला. एसटी स्टँड उजवीकडे होतं. त्या डावीकडे वळल्या, थोडं चालल्या, थांबल्या आणि परत फिरून कचेरीवरून गेल्या, आत न बघता.

---

त्याच दिवशी दुपारच्या एसटीने जब्बार जळगावला परतला. निंबाला त्याने काही बोल लावला नाही. निंबानेच विचारलं, "काय झालं?" जब्बार म्हणाला, "बाजू चुकली." निंबाने फिल्म सोडवली, उलटली, परत चिकटवली. अर्धं मिनिट लागलं.

बन्सीलालशेठ म्हणाले, "जब्बार, दुसऱ्या दिवशी पुण्यस्मरण कोण छापतं? आणि दिलगिरी टाकली तर सोनगीरच्या चार माणसांना कळेल, इतरांना वाटेल आपल्या नव्या मशीनमध्येच खोट आहे."

"दिलगिरी नको. फक्त चौकट टाका."

शेठनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हो म्हणाले.

अठरा तारखेच्या अंकात जीवराम सरळ आला. डावीकडे भांग, उजव्या गालावर तीळ, कान, गुंडी, सगळं. ज्यांनी तो मुलगा बघितला असेल त्यांनी म्हटलं असतं, फोटो सुंदर आलाय. जब्बार मात्र तो बघताना अडखळत होता. बरोबर कुठला हे त्याला आता ठाऊक होतं, तरी हा कुणीतरी परका वाटत होता.

त्याने दहा अंक घेतले, घड्या सारख्या केल्या आणि सुतळीने बांधले. जुळवलेलं पान सुटू नये म्हणून कंपोझिटर सुतळीचे चार वेढे देऊन टोक कोपऱ्यात आत खोचतो, गाठ मारत नाही. ओढलं तर घट्ट होतं, सोडवायचं तर तेच टोक सापडावं लागतं. जब्बारचा हात दुसरं काही बांधायला शिकलाच नव्हता. गठ्ठा त्याने धुळ्याच्या जीपमध्ये दिला. तिथून सोनगीरच्या एसटीच्या कंडक्टरकडे, नाव-गाव सांगून.

तीन दिवसांनी जीपवाल्याने तो परत आणला.

"म्हातारीने घेतला नाही," तो म्हणाला. "कंडक्टर म्हणाला, घरी घेऊन गेलो तर दारात आली, बघितलं, म्हणाली माझा नाही."

"रागावली होती?"

"नाही म्हणे. त्याला पाणी दिलं."

जब्बारने गठ्ठा हातात घेतला. चार वेढे तसेच होते आणि टोक कोपऱ्यात, त्याने खोचलं होतं तिथेच होतं. दुसऱ्या कुणी सोडून परत बांधला असता तर त्याला एका नजरेत कळलं असतं.

रद्दीची पोती मागच्या दारापाशी उभी होती. त्याने गठ्ठा तिथे नेला नाही. आपल्या टेबलाच्या खालच्या खणात, जस्ताच्या ठोकळ्याशेजारी ठेवला.

पुढच्या फेब्रुवारीत सोनगीरहून कुणी आलं नाही. जाहिरात आली नाही. नवी माणसं आली, आणखी दोन कॉम्प्युटर आले, निंबाने पान खाणं सोडलं. जब्बार रोज चार वाजता पान बघायचा आणि फोटो आला की मूळ प्रत मागवून शेजारी ठेवून ताडून बघायचा, मग तो मंत्र्याचा असो की ट्रॅक्टरचा. लोक त्याला हसायचे.

खण तो क्वचित उघडायचा. गठ्ठा त्याने सोडला नाही. पहिल्याच दिवाळीपर्यंत घड्यांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या.